यंत्रावर चाललेले बोकडाचे यकृत

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावात, औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात मी औषधक्रियाशास्त्र शिकवतो. कत्तलखान्यातून आणलेले बोकडाचे यकृत शरीराबाहेर काही तास कामात ठेवण्याचा प्रयोग आम्ही येथे उभा केला. तो कसा उभा राहिला, त्यात काय दिसले आणि माणसाच्या उपचाराशी त्याचे नाते कोठवर पोचते, हे सविस्तर लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

प्रयोगाचे मूळ एका मृत्यूत आहे. धडगावकडून शिकायला आलेल्या आमच्या एका विद्यार्थिनीची वहिनी आठव्या महिन्यात काविळीने गेली. आधी गावात काविळीची माळ घातली गेली, मग झाडपाल्याचा रस झाला, मग नंदुरबार गाठले, आणि तेथून मोठ्या शहराकडे नेताना वाटेतच ती बेशुद्ध झाली. दूषित पाण्यातून पसरणारा हेपॅटायटिस ईचा विषाणू एरवी बहुतेकांना काही आठवड्यांत सोडतो, परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याची लागण झाली तर शंभरातल्या 20 ते 25 स्त्रिया दगावू शकतात. सुट्टीनंतर परत आल्यावर त्या मुलीने वर्गात विचारले, "सर, किडनी बंद पडली तर जळगावला डायलिसिस होतं. लिव्हर बंद पडलं तर तसं मशीन का नाही?"

मी पुस्तकातले उत्तर दिले, आणि ते खरेही आहे. मूत्रपिंड मुख्यत्वे गाळण्याचे काम करते, आणि गाळणे पडद्याला जमते. यकृत गाळण्याबरोबर घडवतेही: अमोनियाचा युरिया करते, अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारी प्रथिने तयार करते, साखर साठवते आणि गरजेनुसार सोडते, पित्त स्रवते, औषधांचे रूप पालटून ती बाहेर टाकण्याजोगी करते. ही सगळी कामे जिवंत पेशींची आहेत. अल्ब्युमिन वापरून केलेले डायलिसिस काही विषारी द्रव्ये ओढून घेते, पण नवे काही घडवत नाही. रुग्णाचा प्लाझ्मा मोठ्या प्रमाणात काढून निरोगी प्लाझ्मा देण्याच्या पद्धतीचा मात्र खरोखर उपयोग दिसला आहे: 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 182 रुग्णांवरील युरोपीय चाचणीत हा उपचार मिळालेल्यांपैकी 58.7 टक्के रुग्ण जगून घरी गेले, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 47.8 टक्के. तिथेही यकृताचे काम उसने घेतलेल्या प्लाझ्मावर भागवले जाते.

त्यावर ती म्हणाली, "मग दुसऱ्याचं लिव्हर बाहेर ठेवून चालवता येत नाही का?"

हा प्रश्न तिच्याआधी शल्यविशारदांना पडलेला होता. 1958 मध्ये ऑटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगात शरीराबाहेरच्या यकृतातून रक्त फिरवून अमोनिया कमी करून दाखवला. 1965 मध्ये अमेरिकेतील बेन आइझमन यांच्या गटाने यकृत निकामी झालेल्या रुग्णांचे रक्त डुकराच्या यकृतातून फिरवून परत शरीरात सोडल्याचे प्रसिद्ध केले. यामागचा विचार मला आजही अत्यंत मोलाचा वाटतो. यकृत हा पुन्हा वाढणारा अवयव आहे. अचानक निकामी झालेल्या यकृताला काही दिवसांची उसंत मिळाली, आणि त्या काळात मेंदूला सूज आली नाही, तर रुग्णाचे स्वतःचे यकृत सावरू शकते. न सावरले तर प्रत्यारोपण होईपर्यंतचा काळ तरी निभावतो. त्या वहिनीला कायमचे नवे यकृत लागले असते की नाही, ते कोणी सांगू शकत नाही. तिला त्या आठवड्यापुरता आधार हवा होता, हे नक्की.

शरीराबाहेरचे यकृत खरोखर काम करते, हे त्या वर्गाने डोळ्यांनी पाहावे असे मी ठरवले. सुरुवात आम्ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुन्या प्रयोगाने केली. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी 1855 मध्ये नुकत्याच मारलेल्या प्राण्याच्या यकृतातून पाणी सोडून त्यातली साखर पूर्ण धुऊन काढली, ते यकृत तसेच ठेवून दिले, आणि दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर आढळली. यकृतात साखर बनवणारे द्रव्य साठलेले असते, हे त्यातून कळले आणि पुढे त्यांनी ते द्रव्य, म्हणजे ग्लायकोजेन, वेगळे केले. बाजारातून आणलेल्या कलेजीत आम्ही पोर्टल शिरेतून (आतड्याकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतून) पाणी सोडत राहिलो, साखर ओळखणाऱ्या बेनेडिक्टच्या द्रावणाचा निळा रंग बदलेनासा झाला तेव्हा थांबलो, आणि कलेजी कोमट जागी ठेवून काही तासांनी पुन्हा चाचणी केली. परीक्षानळीत विटकरी रंग उतरला तेव्हा मुले एकमेकांकडे पाहू लागली. अर्थात यात जिवंतपणा सिद्ध होत नाही, केवळ विकरे (एन्झाइम्स) शिल्लक असल्याचे कळते. खरे काम पुढे होते.

त्या कामात पहिला गुरू भेटला तो मटण मार्केटमधला. त्यांना सगळे गाव चाचा म्हणते. खाटीक कलेजी काढतो ती विकण्यासाठी, त्यामुळे यकृताला चिकटलेल्या शिरा तो अगदी मुळाशी कापतो आणि यकृत हाताने ओढून घेतो. त्यात यकृतावरचे पातळ आवरण फाटते, आणि मग द्रव आत सोडला की तो प्रत्येक फाटीतून पाझरतो. आम्हाला पोर्टल शीर बोटाच्या दोन पेरांइतकी लांब हवी होती, यकृत धमनी आणि पित्तनलिका सोबत हव्या होत्या, आणि यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरेभोवतीचा पोटाचा पडदा थोडा यकृतालाच चिकटलेला हवा होता. चाचांनी आधी विचारले, "खावाले नई, मंग कसाले, सर?" आम्ही काय करू पाहतो ते मी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग सुरी कोठून फिरवायची ते आम्हाला त्यांनीच दाखवले. पित्तनलिकेला स्वादुपिंडाची नलिका येऊन मिळते ती जागा त्यांना नाव न माहीत असताना अचूक ठाऊक होती. शरीररचनेचे असे हातातले ज्ञान मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

यकृत निवडणे हेही त्यांच्याकडूनच शिकावे लागले. पाणथळ भागात चरलेल्या जनावरांच्या यकृतात पर्णकृमी असतात. पित्तनलिका जाड, पांढऱ्या आणि दोरीसारख्या कडक झालेल्या असल्या की चाचा यकृत बाजूला टाकत. काहींत पाण्याने भरलेल्या गाठी निघत. हे सारे मुलांनी पाहिले ते बरे झाले, कारण प्राण्याचा अवयव माणसासाठी वापरताना त्या प्राण्याचे पालनपोषण किती बंदिस्त आणि निर्जंतुक असावे लागते, याचा धडा त्या ओट्यावरच मिळाला.

प्राण्याचे हृदय थांबल्यापासून यकृत थंड होईपर्यंतचा काळ हा सगळ्यात घातक असतो. शरीराच्या तापमानाला, पण रक्ताविना, पेशी भराभर खचतात. म्हणून हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घातलेले थंड सलाईन मार्केटमध्येच तयार ठेवून, यकृत हाती येताच पोर्टल शिरेत कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, बांधून आम्ही ते आत सोडत असू. गडद लाल यकृत बघता बघता फिकट तपकिरी होते, आणि मोठ्या शिरेतून येणारा द्रव हळूहळू निवळतो. एखादा भाग काळपट राहिला तर तेथे गुठळी अडकली आहे असे समजावे. त्यानंतर यकृत थंड सलाईनच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि मग थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर. बर्फ थेट यकृताला लागू द्यायचा नाही, नाहीतर तेथल्या पेशी गोठून फुटतात. खान्देशचा उन्हाळा या कामाला सर्वस्वी प्रतिकूल आहे. पारा 44-45 अंशांवर जातो तेव्हा बर्फ खोक्यात टिकत नाही आणि प्रयोगशाळेतले पाणीही कोमट येते. त्यामुळे हा प्रयोग आम्ही हिवाळ्यातच, पहाटेच्या कापणीच्या वेळेला बांधून घेतला.

यंत्र मात्र आम्हीच जुळवले. एका रुग्णालयाने मोडीत काढलेल्या डायलिसिस यंत्राचा रक्तपंप मिळाला. फिरत्या रोलरने नळी दाबत द्रव पुढे ढकलणारा हा पंप मिनिटाला अर्धा लिटरपर्यंत प्रवाह देतो, आणि निरोगी यकृतातून ग्रॅममागे मिनिटाला साधारण एक मिलिलिटर रक्त वाहते. बोकडाचे यकृत जेमतेम अर्धा किलोचे, म्हणजे हा पंप त्याला पुरेसा. हृदयशस्त्रक्रियेत रक्तात ऑक्सिजन मिसळायला लागणारा, मुदत उलटलेला पण न वापरलेला लहान मुलांचा ऑक्सिजनेटर एका परिचिताने नाशिकहून पाठवला. तापमान 37 अंशांवर ठेवायला वॉटर बाथ होताच. पंप द्रव वरच्या टाकीत चढवतो आणि यकृतापासून सुमारे 15 सेंटिमीटर उंचीवरच्या त्या टाकीतून तो केवळ उंचीच्या दाबाने यकृतात उतरतो, अशी रचना आम्ही केली. पोर्टल शिरेतला दाब मुळातच कमी असतो. पंपाने थेट ढकलले तर यकृत फुगून टणक होते. वाटेत हवेचे बुडबुडे अडवणारे छोटे काचपात्रही हवे, कारण एक बुडबुडा आत गेला तरी यकृताचा तेवढा पट्टा निकामी होतो.

द्रवाची जबाबदारी आमच्या गटातल्या एका माळकरी घरातल्या मुलीने घेतली. यकृताला हात लावणे तिच्या मनाला पटत नव्हते आणि तसा आग्रह कोणी धरलाही नाही. बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण, तिच्याइतके नेटके दुसऱ्या कोणाला जमले नसते. क्रेब्स आणि हेन्सेलाइट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या द्रावणात मीठ, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, बायकार्बोनेट, ग्लुकोज आणि कॅल्शियम असते. त्यातून 95 टक्के ऑक्सिजन आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण सोडून पीएच 7.4 वर आणायचा आणि मगच, सर्वांत शेवटी, कॅल्शियम घालायचे. ते आधी घातले तर सगळे द्रावण दुधाळ होऊन साका खाली बसतो.

निव्वळ बफरवर चालवलेले यकृत लवकर थकते, हे आम्हाला पहिल्याच हिवाळ्यात कळले. कारण साधे आहे: 100 मिलिलिटर रक्तात साधारण 20 मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, आणि शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या बफरमध्ये जेमतेम 2 मिलिलिटर. म्हणून त्याच बोकडाचे रक्त हेपॅरिन घातलेल्या भांड्यात धरून, गाळून, बफरमध्ये मिसळायला आम्ही सुरुवात केली. बोकडाच्या तांबड्या पेशी माणसाच्या पेशींच्या निम्म्याहून लहान आणि बऱ्याच नाजूक असतात. द्रावण थोडे पातळ झाले किंवा रोलर जास्त आवळला गेला की त्या फुटतात आणि वर तरंगणारा द्रव गुलाबी दिसू लागतो. रोलर किती आवळावा याचा अंदाज प्रयोगशाळेतले आमचे आबा कानाने घेत, आणि तो बहुधा बरोबर असे.

रक्तमिश्रित द्रव सुरू झाला, आणि पाहता पाहता फिकट यकृतात रंग भरत गेला. कडा ताठरल्या नाहीत, पृष्ठभाग मऊ राहिला. मोठ्या शिरेतून बाहेर पडणारा द्रव आत जाणाऱ्यापेक्षा काळसर होता, म्हणजे यकृत ऑक्सिजन घेत होते. पित्ताशयाची नळी आधीच बांधलेली होती. मुख्य पित्तनलिकेत घातलेल्या बारीक नळीच्या टोकाशी काही वेळाने सोनेरी-हिरवट थेंब जमला आणि तो चिमुकल्या परीक्षानळीत पडला. मग दुसरा. जनावर केव्हाच संपले होते आणि त्याचा हा अवयव आमच्या टेबलावर नवे पित्त तयार करत होता. त्या वेळी मला काय वाटले ते शब्दांत पकडणे अवघड आहे. आदर हाच त्याला सर्वांत जवळचा शब्द आहे.

माझ्या दृष्टीने निर्णायक चाचणी अमोनियाची होती, कारण यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या मेंदूवर आघात करणाऱ्या द्रव्यांत अमोनिया प्रमुख आहे. आम्ही द्रवात मोजके अमोनियम क्लोराइड घातले आणि ठरावीक अंतराने नमुने घेऊन जवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये युरिया मोजून घेतला. नमुन्यागणिक युरिया चढत गेला. यकृत न जोडता तोच द्रव तसाच फिरवला तेव्हा युरिया होता तेथेच राहिला. यकृत चालू असताना गॅसचा सिलिंडर काही काळ बंद ठेवला तेव्हा चढता युरिया रेंगाळला. धडगावच्या त्या मुलीने हे आकडे आलेखावर मांडले आणि रेषा कोठे वळते ते फळ्यावर काढून वर्गाला समजावले. ऑक्सिजन कमी पडला की पेशींत साचणारे लॅक्टेटही आधी वाढून मग उतरणीला लागत असे, आणि यकृत सावरल्याची ती चांगली खूण आहे.

हे चालते ते काही तासच. हळूहळू पित्त कमी होते. आतड्यातून यकृतात परतणाऱ्या पित्तक्षारांचे चक्र येथे तुटलेले असते, हे त्याचे एक कारण. पुढे यकृत जड होते, टाकीची उंची तीच असूनही प्रवाह घटतो, आणि एसजीओटी, एसजीपीटी ही पेशी फुटल्यावर बाहेर येणारी विकरे द्रवात वाढू लागतात. मोठ्या केंद्रांनी ही मर्यादा बरीच पुढे नेली आहे. झुरिकच्या गटाने मानवी यकृत यंत्रावर तीन दिवस ठेवून 2021 मध्ये त्याचे यशस्वी प्रत्यारोपण केले. म्हणजे यकृत बाहेर जगवणे हा आता सुटत आलेला प्रश्न आहे.

न सुटलेला प्रश्न वेगळा आहे, आणि तो मुलांना समजावणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. आमच्या टेबलावर बोकडाच्या यकृतात बोकडाचेच रक्त फिरत होते. मानवी रक्त आम्ही त्यात कधीही सोडले नाही, आणि तसे करण्याचा अधिकार किंवा सोय आमच्याकडे नाही. डुक्कर, बोकड यांच्या पेशींवर आल्फा-गॅल नावाची साखर असते, ती माणसात नसते, आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या रक्तात लहानपणापासून तयार असतात. मानवी रक्त अशा अवयवात शिरताच ती तुटून पडतात आणि रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ लागतात. यकृत हा आघात हृदय किंवा मूत्रपिंडापेक्षा थोडा अधिक सोसते, पण माणसाच्या बिंबाणू (प्लेटलेट्स) आणि तांबड्या पेशी डुकराच्या यकृतात अडकून नष्ट होतात, आणि आधीच रक्तस्रावाच्या काठावर असलेल्या रुग्णाला ते परवडत नाही. म्हणूनच जुन्या उपचारांत अमोनिया उतरायचा, रुग्ण काही काळ शुद्धीवरही यायचा, आणि मग यकृत बंद पडायचे. 1994 मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने चार रुग्णांवरचा अनुभव मांडला, त्यांतल्या एकाला प्रत्यारोपणापर्यंत पोचवता आले.

पुढे दोन वाटा झाल्या. एक, अख्ख्या यकृताऐवजी डुकराच्या यकृतपेशी काडतुसासारख्या नळीत भरायच्या आणि रुग्णाचा प्लाझ्मा त्यातून फिरवायचा. 171 रुग्णांवरच्या, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीस दिवसांनी जगलेल्यांचे प्रमाण हा उपचार मिळालेल्यांत 71 आणि नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 62 टक्के होते, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. दुसरी वाट डुकराचीच जनुके बदलण्याची. 1997 मध्ये डुकराच्या जनुकसंचात दडलेले विषाणू मानवी पेशींना लागू शकतात असे प्रयोगशाळेत दिसले आणि सगळ्या क्षेत्रानेच हात आखडता घेतला. 1999 मध्ये डुकराच्या ऊतींशी संपर्क आलेल्या 160 रुग्णांच्या तपासणीत तशी लागण आढळली नाही, तरी ती सावधगिरी मला योग्यच वाटते. आज वापरात येत असलेल्या डुकरात 69 जनुकीय बदल आहेत: तीन प्रकारच्या साखरा काढलेल्या, सात मानवी जनुके घातलेली, आणि विषाणूंच्या 59 प्रती निष्क्रिय केलेल्या. अशा डुकराचे यकृत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेंदूमृत व्यक्तीच्या शरीराबाहेर जोडण्यात आले आणि 72 तास ते नीट चालले, असे जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाले. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकी औषध नियामकांनी, प्रत्यारोपण मिळण्याची शक्यता नसलेल्या जास्तीत जास्त 20 रुग्णांवर अशा चाचणीला परवानगी दिली.

डुकराचे नाव निघाल्यावर आमच्याकडच्या घरांत काय होईल, हे मी मुलांना विचारले. चाचांनाही विचारले. ते म्हणाले, "जान बचती हो तो मौलाना से पूछ लेंगे, पहले डॉक्टर तो हाँ बोले." माळकरी मुलगी बराच विचार करून म्हणाली की, आईसाठी असेल तर मी सही करीन, पण तो प्राणी कसा वाढवला आणि कसा मारला हे मला आधी सांगा. हा प्रश्न संमतिपत्रावर असायला हवा, असे माझेही मत आहे. शरीराबाहेरच्या उपचारात प्राण्याचे काही कायमचे शिवले जात नाही, नळ्या काढल्या की संबंध संपतो, आणि हे रुग्णाच्या घरच्यांना त्यांच्या भाषेत कोणी सांगितले तर त्यांचा निर्णय बराच सोपा होईल असे मला वाटते.

प्रयोग संपल्यावर यकृत खाण्यासाठी कोणालाही द्यायचे नाही, हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळतो. ते पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात जाते. येत्या हिवाळ्यात यकृत धमनीसाठी दुसरा, अधिक दाबाचा पंप जोडायचा आहे. यकृताला येणारे तीनचतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून येत असले, तरी पित्तनलिकांचे पोषण धमनीवर अवलंबून असते आणि आमच्या रचनेत त्याच सर्वांत आधी खचत असाव्यात, असा आमचा अंदाज आहे. धमनी बोकडात अगदी बारीक असते, त्यामुळे ती महाधमनीच्या तुकड्यासकट काढून घ्यावी लागेल. सुरी कोठून फिरवायची, ते चाचांना पुन्हा विचारले आहे.